सस्ता आणि स्वस्त

चुटे काका हातोडी घ्यायला दुकानात शिरले की दुकानदार आधी पंखा बंद करतो. मग मोबाइलवर चाललेलं गाणं. मग खिळे तोलणाऱ्या नोकराला खुणेनेच थांबवतो. काका हातोडी कानाजवळ धरतात, डोळे मिटतात, खिशातून एक नाणं काढून तिच्या डोक्यावर हलकेच मारतात आणि ऐकतात. बाहेरून ट्रक जात असेल तर तो जाईपर्यंत थांबतात. बाकीची गिऱ्हाइकंही थांबतात, कारण पंखा बंद झाल्यावर दुसरं करण्यासारखं काही उरत नाही. शेवटी काका डोळे उघडतात आणि निकाल देतात.

"बोलून नाही राहिली."

म्हणजे हातोडी नापास. पंखा पुन्हा सुरू.

फार क्वचित "बोलते!" असं म्हणतात. मग घासाघीस सुरू होते, आणि ती अशी चालते की पहिल्याच दिवशी हातोडी घेऊन घरी आले असं कधी झालेलं नाही. दुसऱ्या, तिसऱ्या खेपेला दुकानदार थकतो. काका थकत नाहीत.

भिलाईतल्या आमच्या हुडको कॉलनीत काकांचं घर माझ्या घराला लागून आहे. मधली भिंत छातीएवढी. पूर्ण नाव डोमाजी चुटे. मूळचे गोंदियाकडचे, घरची धानाची शेती भावांच्या हवाली करून तरुणपणी भिलाईच्या पोलाद प्लांटात लागले आणि मशीन शॉपमधून रिटायर झाले. मी इथल्या शाळेत शिकवते, म्हणून ते मला 'बाई' म्हणतात. मी त्यांना काका म्हणते. काकी दोघांनाही नावं ठेवतात.

काकांच्या परसात टिनाचं एक शेड आहे. त्याला ते 'वर्कशॉप' म्हणतात आणि काकी 'भंगार' म्हणतात. आत भिंतीवर खिळे ठोकून औजारं टांगलेली. पाने, पकडी, कानशी, पटाश्या, करवती, रंधे. प्रत्येकाचा इतिहास काकांना पाठ. हा रंधा जवळच्या जामुल गावच्या बाजारात कांदेवाल्याच्या तराजूखाली सापडला, तो तराजू सरळ राहावा म्हणून खाली लावला होता. ही पक्कड एका बसच्या कंडक्टरकडून. आणि प्रत्येक औजार, काकांच्याच शब्दांत, "एकदम स्वस्त".

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. काकांच्या मते 'सस्ता' आणि 'स्वस्त' हे दोन वेगळे शब्द आहेत.

"पाहा बाई, सस्ता म्हंजे जे आज कमी पैशात येते अन् उद्या तुटते. स्वस्त म्हंजे कमी पैशात येते अन् आपल्या पोराले बी पुरते. सस्ता हिंदीत असते, स्वस्त मराठीत. अख्ख्या मार्केटात सस्ताच सस्ता भरून हाये. स्वस्त शोधा लागते."

मी म्हटलं, "काका, एकच शब्द आहे तो."

"तुम्ही शाळेत शिकवता, तिथं एक असन."

काकांचं सगळं आयुष्य स्वस्त शोधण्यात गेलं. डब्यात बंद, हमी असलेलं औजार ते घेत नाहीत. "त्यात आपली काय हुशारी? पैसेवाल्याले कोणी बी चांगलं देते." मुलाने बंगळुरूहून मोबाइलवर ऑनलाइन दुकान लावून दिलं, तर काकांनी तो फोन कानाला लावला आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. "फोटोले आवाज नसते बाई."

लग्नात ते आहेर म्हणून पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, देतात. मुलगी असो की मुलगा, एकच नियम. आमच्या कॉलनीतल्या एका नवरीने सासरी गेल्यावर महिनाभराने फोन करून काकांना सांगितलं म्हणे की सगळ्या आहेरातली तीच एक वस्तू रोज हातात असते. तेव्हापासून काकांना आवरणं कठीण झालं. बारशालाही न्यायला लागले होते, काकींनी हातातून हिसकावून घेतला.

एवढं असूनही ते फसत नसत असं नाही. चांगलेच फसत. एकदा 'जपानी' म्हणून एक ड्रिल मशीन आणली. भिंतीला लावून बटण दाबलं तर ड्रिलचं पातं जागेवर थांबलं आणि मशीन काकांना घेऊन फिरायला लागली. काकी धावत आल्या, वायर ओढली, आणि धूर निघणाऱ्या त्या यंत्राकडे पाहून म्हणाल्या, "कोणत्या जपानची हाये? बाजूच्या दुर्गची का?" काकांनी ती मशीन कपड्यात गुंडाळून वर ठेवली. तिचं नाव काढलं की ते पाणी प्यायला आत जातात.

आणि खरं सांगायचं तर काकांच्या हातून वस्तूही धड होत नसे. औजार ओळखायचं ते जाणत, चालवायचं काम त्यांच्या हाताला जमलंच नाही. प्लांटातही ते मशीन शॉपच्या औजारांच्या भांडारात असत, मशीनवर नव्हे. माझ्या स्वयंपाकघरात त्यांनी हौसेने एक फळी ठोकून दिली. डाळीचा डबा डावीकडे ठेवला की दुपारपर्यंत तो उजवीकडे येतो. मी भीत भीत बोलले तर म्हणाले, "फळी सरळ हाये बाई. हुडकोची घरंच वाकडी बांधली."

हे असं का, ते मला इथे राहायला येऊन बरेच दिवस झाल्यावर कळलं. फळ्या ठोकणं हे काकांचं काम नव्हतंच. ते साहूंचं काम होतं.

साहूजी म्हणजे काकांचे प्लांटातले सोबती. राहायला जामुलला, मूळचे तिथलेच, छत्तीसगढी. बुटके, हसरे, कानामागे पेन्सिल खोचलेली. दर रविवारी सकाळी त्यांची स्कूटर काकांच्या फाटकाशी थांबे. काका मागे बसत, आणि दोघं औजारं शोधायला निघत. कुम्हारीला हायवेच्या कडेला रफीकभाईंचं जुन्या लोखंडाचं आवार आहे, ते त्यांचं मुख्य ठिकाण. बंद पडलेल्या कारखान्यांचं सामान तिथे येतं. काका ढिगाऱ्यात उकिडवे बसून शोधत. साहूजी बाजूला चहा घेत उभे. काकांनी काही वर काढलं की साहूजी ते हातात घेत, तोलत, हवेतच एकदा चालवून पाहत आणि मान डोलावत. मग दुपारी काकांच्या शेडात त्या औजारानं काहीतरी घडे. काकींचा पाट, आमच्या शेजारच्या आजींची चालायची काठी, कोणाच्या बाळाचा पांगुळगाडा. काका शेजारी उभे राहून सूचना देत, आणि साहूजी त्यातली एकही न ऐकता सुंदर वस्तू करत. "डोळा माझा, हात त्याचा," काका सांगत. साहूजी म्हणत, "और जुबान भी इसी की."

दोघांनी मिळून घेतलेली एकच वस्तू होती, एक वाइस. लोखंड किंवा लाकूड जबड्यात घट्ट पकडून ठेवायचा तो शिकंजा, जुना, विलायती बनावटीचा. रफीकभाईंच्या आवारात तो दोघांना एकाच वेळी दिसला. निदान दोघांचंही तसं म्हणणं होतं. अर्धा अर्धा खर्च केला आणि ठरवलं की एक महिना तुझ्याकडे, एक महिना माझ्याकडे. पहिला महिना साहूंचा.

महिना संपला त्या रविवारी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. साहूजी स्कूटरवर वाइस ठेवून आले. सोबत त्यांचा नवा जावई होता. आपला दोस्त दाखवायला मोठ्या कौतुकाने त्याला आणलं होतं. काकांनी 'या बसा' म्हणण्याआधी वाइस उचलून उन्हात धरला. आणि त्यांना त्याच्या जबड्यावर एक खाच दिसली.

"हे काय? यावर हातोडी मारली तुनं?"

साहूजी हसले. "अरे, पुरानी होगी भाई. पहले से होगी."

"पह्यले नव्हती. मी पाह्यलं होतं. मले शिकवून राहिला का?"

"छोड़ न, दामाद आया है, चाय पिला."

तिथे काकांनी चहा सांगितला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण काका चढत गेले. औजाराची कदर, माणसाची कदर, प्लांटातल्या कुठल्या जुन्या गोष्टी. साहूजी मान खाली घालून ऐकत होते. आणि मग काका मोठ्याने म्हणाले, साहूंना नीट समजावं म्हणून हिंदीत म्हणाले, "जिंदगीभर सस्ते औजार पे काम किया न, तेरा हाथ भी सस्ता हो गया!"

जावई जमिनीकडे पाहायला लागला. काकी दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. साहूंनी कानामागची पेन्सिल काढली, खिशात ठेवली, का कोण जाणे. मग जावयाला म्हणाले, "चल बेटा." स्कूटर सुरू झाली. वाइस अंगणातच राहिला.

त्यानंतर ते आले नाहीत. काकाही गेले नाहीत.

पहिले काही दिवस काका मला भिंतीवरून समजावत. "मी का खोटं बोललो? खाच होती का नव्हती?" होती, मी म्हणत असे. "मंग?" काकी आतून ओरडत, "अवो, खाच वाइसले होती. तुमी माणसाले काहून पाडली?" काका शेडात निघून जात.

वाइसवर त्यांनी पोतं टाकून दिलं होतं. नवीन वस्तू होईनाशा झाल्या. औजारं मात्र येतच राहिली. रविवारी ते एकटेच बसने कुम्हारीला जात. मग गुडघ्यांनी दगा दिला, बसची पायरी चढवेना. माझी आई रायपूरला असते आणि दर रविवारी मी गाडीने तिच्याकडे जाते. कुम्हारी वाटेतच लागतं. काकींनी मला गळ घातली, "नेत जा वो माय त्याले. घरात बसला तं मले बी नाणं मारून पाहीन."

अशी मी काकांची ड्रायव्हर झाले. आणि तेव्हा मला एक गोष्ट दिसली.

रफीकभाईंच्या ऑफिसात, म्हणजे एका पत्र्याच्या खोलीत, मागच्या बाजूला एक लाकडी फळकूट होतं. काका ढिगाऱ्यातून एखादी सुरेख पटाशी शोधून काढत, ऐकत, "बोलते" म्हणत. आणि घरी न आणता त्या फळकुटावर ठेवून देत. मला वाटलं, पुढच्या खेपेला घासाघीस करायची असेल. एका रविवारी रफीकभाईच बोलून गेले.

"चुटेजी, पिछली वाली साहूजी ले गए. खुश हो गए. दाम भी वही बोला मैंने जो आप बोले थे."

काका माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मेरा नाम तो नहीं लिया?"

"कसम से नहीं."

 हायवेला लागल्यावर काका खिडकीबाहेर पाहत आपणच बोलले. "त्याले डोळा नाही ना बाई. काही बी उचलन. चांगल्या हाताले चांगलं औजार पाह्यजे." थोड्या वेळाने, "वरचे पैसे मी देतो रफीकले. त्याले स्वस्तात पडलं पाह्यजे. महाग म्हटलं तं घेणार नाही, चिंगूस हाये."

"मग जाऊन भेटा ना काका."

"त्यानं याव. तो गेला का नाही? मंग त्यानं याव."

असं ते कित्येक वर्षं चाललं. दोन म्हातारे, एकाच गावकुसातले म्हणावे इतके जवळ राहणारे, एका भंगारवाल्याच्या फळकुटावरून एकमेकांशी बोलत होते. एक ठेवत होता, दुसरा उचलत होता. साहूंना कळत होतं की नाही, देव जाणे. मला वाटतं कळत असणार. रफीकभाई एवढी पारख कुठून आणणार?

मग फळकुटावरच्या वस्तू तशाच राहू लागल्या. आधी एक पटाशी, मग दोन कानशी, मग एक छोटा रंधा, जो काकांनी अगदी लहान मूल उचलावं तसा उचलून ठेवला होता. काका दर खेपेला आधी तिकडे पाहत. रफीकभाई हात पसरत. "आते ही नहीं आजकल."

काकांनी त्याचा अर्थ आपल्या स्वभावाप्रमाणे लावला. "समजलं असन त्याले, मी ठेवतो म्हणून. आता माह्या हातचं बी नको त्याले." चेहरा असा पडला की मला बघवेना. त्या दिवसापासून त्यांनी कुम्हारीला यायचंच सोडलं. रविवारी मी हॉर्न वाजवायची, ते आतून हात हलवून 'जा' म्हणायचे. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. ते दिवस आठवले की अजून मला वाईट वाटतं. कारण साहूजी रागावलेले नव्हतेच. ते हळूहळू सगळंच विसरत चालले होते, आणि इकडे काका पोतं घातलेल्या वाइसशेजारी स्टूल टाकून त्यांच्यावर रुसून बसले होते.

दिवाळीच्या पुढेमागे रफीकभाईंनी मला हायवेवर हात दाखवून थांबवलं. "मॅडम, चुटेजी को बताइए. साहूजी बेटी के साथ डॉक्टर के यहाँ से आए थे. मुझसे मेरा ही नाम पूछ रहे थे."

मी काकांना सांगितलं. ते हसले. "मजाक करून राहिला असन. पह्यलेपासून नाटकी हाये."

"काका, मुलगी सोबत होती. डॉक्टरांकडून येत होते."

काकांनी हातातली पक्कड खिळ्यावर टांगली. ती पडली. पुन्हा टांगली. मग आत जाऊन धुतलेला शर्ट घालून आले आणि गाडीच्या दाराशी उभे राहिले. "जामुलकडून घ्या बाई."

साहूंच्या घराची परछी, म्हणजे पुढची पडवी, शेणाने सारवलेली होती. साहूजी बाजेवर बसले होते. हातात लाकडाचा एक तुकडा, आणि त्यावर पॉलिशपेपर फिरत होता, सावकाश, एका लयीत. तो तुकडा कशाचाच नव्हता. नुसताच गुळगुळीत होत चालला होता.

साहूंची बायको काकांना पाहून दारातच थांबली. डोळ्याला पदर लावला. "अतेक दिन ले काबर नइ आएव?" इतके दिवस का आला नाहीत, एवढंच विचारलं तिने. काका चपला काढत राहिले.

साहूजी उठून उभे राहिले. हात जोडले. "आइए, बैठिए. किनसे मिलना है?"

काका तसेच उभे. "बस झालं साहू," ते म्हणाले. "नाटक नको करू."

साहूजी बायकोकडे पाहून हसले, पाहुणा काय बोलतोय ते कळत नाही म्हणून माणूस हसतो तसे. तिने हळूच मान हलवली. काकांनी ती हलताना पाहिली. मग ते बाजेच्या कडेवर बसले.

बराच वेळ पॉलिशपेपरचा आवाज येत राहिला.

"मैंने गलत बात बोली थी," काका हिंदीत म्हणाले. "हाथ के बारे में. बहुत गलत बोली."

"किसको?"

"दोस्त को."

साहूंनी विचार केला. फार गंभीरपणे केला. "तो उसको जाके बोलो न भाई. मेरे को बोलने से क्या होगा?"

मी अंगणाकडे पाहत राहिले. तिथे एक कोंबडी होती, तिच्याकडे पाहिलं.

काकांनी नाक शिंकरलं, रुमाल घडी करून ठेवला. साहूंना आता पाहुण्याची दया आली असावी. ते जवळ सरकले. "मोर घलो एक झन संगवारी रिहिस," ते म्हणाले. माझाही एक दोस्त होता. "मराठी था. औजार की ऐसी आँख मैंने किसी की नहीं देखी. ढेर में हाथ डाला कि सोना."

"कैसा आदमी था?" काकांनी विचारलं. 

"खड़ूस था." साहूजी खुदकन हसले. "बहुत बोलता था. लेकिन मेरे लिए छाँट-छाँट के रखता था. समझता था मेरे को मालूम नहीं."

"झगड़ा नहीं हुआ तुम्हारा?"

"काहे का झगड़ा?"

साहूंच्या चेहऱ्यावर खरोखरच काही नव्हतं. जावई, खाच, तो शब्द, सगळं पुसलं गेलं होतं. ते भांडण आता या जगात एकाच माणसाला पाठ होतं, आणि त्याला माफ करू शकणारा माणूस समोर बसून त्याला चहा घ्या, चहा घ्या म्हणत होता.

 परतताना आमच्या गल्लीत वळलो तेव्हा काका म्हणाले, "मी गेल्या दिवाळीत गेलो असतो तं ओळखलं असतं का बाई त्यानं?"

मला माहीत नव्हतं. तसंच सांगितलं.

"ओळखलं असतं," काका म्हणाले, आणि दार उघडून उतरले.

पुढच्या रविवारी मी हॉर्न वाजवायच्या आधीच ते फाटकात उभे होते. पुन्हा जामुलकडून घ्यायला सांगितलं. साहूंना त्यांनी आपलं नाव सांगितलं नाही. "हुडको में रहता हूँ. औजार का शौक है. चलोगे?" साहूजी लगेच चप्पल शोधायला लागले.

तेव्हापासून हे असंच चाललं आहे. जामुलहून कुम्हारीला जायचं म्हणजे मला चांगलाच वळसा पडतो, पण आईला आता त्याची सवय झाली आहे. दर रविवारी काका साहूंना नव्याने भेटतात. कधी साहूंना ते शेजारी वाटतात, कधी डॉक्टर, एकदा तर प्लांटातले साहेब वाटले आणि साहूंनी त्यांच्याकडे सुट्टी मागितली. काकांनी मंजूर केली. रफीकभाईंच्या आवारात काका पूर्वीसारखेच ढिगाऱ्याशी बसतात, आता खाली वीट ठेवून. वर काढलेली वस्तू साहूंच्या हातात देतात. हात काही विसरलेले नाहीत. ते अजून तोलतात, हवेत एकदा चालवून पाहतात. साहूंनी नको म्हटलं की काका मुकाट्याने ती वस्तू परत टाकतात. आयुष्यभर ज्याने कोणाचं मत ऐकलं नाही, तो माणूस 'जैसा आप बोलो' म्हणतो. काकींना हे मी सांगितलं तर त्यांचा विश्वास बसेना.

गेल्या रविवारी ऊन चढलं होतं. मी गाडी सुरू करून दोघांना बोलावलं. साहूजी आवाराच्या तोंडाशी येऊन उभे राहिले आणि हलेनात. हायवेवर भिलाईकडून येणाऱ्या गाड्यांकडे पाहत होते.

"चलो साहूजी," काका म्हणाले.

"रुको थोड़ा. मेरा दोस्त आने वाला है."

रफीकभाईंनी माझ्याकडे पाहिलं. काकांनी साहूंचा हात धरला होता, तो त्यांनी तसाच धरून ठेवला.

"आज आएगा?"

"आज सुबह की शिफ्ट है उसकी. दो बजे छूटेगा, सीधा इधर आएगा. मेरे बिना कुछ खरीदता नहीं वो." मग जरा काळजीने, "आप जाओ, आपको देर होगी."

काकांनी हायवेकडे पाहिलं. 

"नहीं, मुझे जल्दी नहीं," ते म्हणाले. "छूटने के टाइम प्लांट के गेट पे भीड़ रहती है. टाइम लगेगा उसको."

"वही तो," साहूजी म्हणाले.

रफीकभाईंनी आतून दोन स्टुलं आणून सावलीत ठेवली. काकांनी साहूंना एकावर बसवलं, आणि दुसरं अगदी त्यांच्याजवळ ओढून स्वतः बसले. दोघंही रस्त्याकडे तोंड करून.

मी आईला फोन करून जेवून घ्यायला सांगितलं, आणि गाडी बंद केली.